संत्रं तं बोटानं सोलते

खिशात चाकू बाळगायची मला पस्तीस वर्षांची सवय आहे. त्यातली पंचवीसेक वर्षं तरी खिशात भलताच चाकू होता. नोकरी पोरांना शहाणपण शिकवायची, म्हणून हे कुठं बोललो नाही. आता निवृत्त झालो आहे, घाटंजी तालुक्यातली पाच एकर शेती तेवढी हाताशी आहे आणि अब्रूची पूर्वीइतकी काळजी वाटत नाही.

शहरातले पाहुणे विचारतात, चाकू लागतोच कशाला? तुरीच्या पोत्याची सुतळी तोडायला, ठिबकची नळी कापायला, मोटरच्या वायरचं प्लॅस्टिक सोलायला, बांधावर बसून भाकरीबरोबर कांदा चिरायला. युरियाच्या थैलीची शिलाई उसवायलाही. ती शिलाई खरं तर नेमकं टोक सापडलं की एका ओढीत सरसर निघते. मला ते टोक आजवर पहिल्या झटक्यात सापडलेलं नाही, म्हणून चाकू.

पहिला चाकू मला विकत घ्यावाच लागला नव्हता. आजोबा पटवाऱ्याच्या हाताखाली लिहिण्याचं काम करायचे. जमाना बोरूचा. बोरू झिजला की पुन्हा तासायचा, टोकाला चीर द्यायची, तिरका छाट मारायचा. त्यासाठी त्यांनी शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा एक लहानसा घडीचा चाकू घेतला होता. पात्याच्या बुडाशी चांदणी आणि क्रूस अशी खूण होती. जुनी दफ्तरी माणसं अशा चाकूला कलमतराश म्हणत, आजोबाही तेच म्हणत. बोरू गेला, टाक आला, मग चाकू वडिलांकडे आला आणि पेन्सिलींना टोकं करू लागला. इतकी वर्षं निसण्यावर घासून त्याचं पातं निम्म्यावर आलं होतं, पण कागद नुसता टेकवला तरी चिरत जायचा.

१९८९ साली मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. त्या दिवशी वडिलांनी तो चाकू माझ्या हातावर ठेवला. मला तेव्हा, खोटं कशाला बोलू, लाजच वाटली. अडीच इंचांचं पातं आणि पिवळी पडलेली हाडाची मूठ. शिवणाच्या डब्यात शोभेल अशी वस्तू. मी तो शाळेच्या टेबलाच्या खणात टाकून दिला.

दोन वर्षांनी वणीला रंगनाथ स्वामींच्या यात्रेत गेलो होतो. यात्रा बैलबाजारासाठी नावाजलेली, मीही बैलच बघायला गेलो होतो. बैल घेतला नाही, चाकू घेतला. पितळी मूठ, बटन दाबलं की ‘खट्’ करून पाच इंचांचं पातं बाहेर. रामपूर तिकडं उत्तर प्रदेशात, पण सिनेमानं रामपुरी चाकू आमच्या खेड्यापाड्यापर्यंत आणून पोचवला होता. विकणारा म्हणाला असली रामपुरी आहे. तेवीस वर्षांच्या मास्तरनं विश्वास ठेवला.

त्या चाकूनं मी नवरात्र येईस्तोवर एक सुतळीसुद्धा धड कापली नव्हती. पातं बटनावर डुगडुगायचं, जरा जोर दिला की बाजूला झुकायचं. ‘खट्’ मात्र शंभर वेळा काढून दाखवलं असेल. चहाच्या टपरीवर, स्टाफरूममध्ये, एकदा तर सासुरवाडीच्या ओसरीवर. सासऱ्यांनी काही न बोलता चष्मा काढून पुसला होता, तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं.

यवतमाळचा दुर्गोत्सव बघायला लांबलांबून माणसं येतात. त्या साली आम्हीही मित्र मिळून गेलो. गर्दीत पोलीस खिसे चाचपत होते. माझ्या खिशातून निघालेली वस्तू हवालदारानं तळहातावर घेतली, बटन दाबलं. खट्.

“हे कायले बाळगता?”

काय सांगावं सुचेना. आंबियाची संत्री नुकती बाजारात यायला लागली होती. तोंडून निघालं, “संत्रं सोलायला.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, “संत्रं तं बोटानं सोलते, सर.”

मी शिक्षक आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं. रांगेत माझ्या मागं माझ्याच वर्गातल्या एका पोराचा बाप उभा होता. आदरानं त्यानं मला “सर” म्हणून हाक मारली होती, तीच हवालदारानं उचलली. दोन तास बाकावर बसवून, समज देऊन मला सोडलं. चाकू ठेवून घेतला. सोमवारी शाळेत गेलो तर मधल्या सुट्टीत पाचवीतल्या पोरांचा घोळका संत्री सोलत बसलेला, आणि माझी चाहूल लागताच सगळे एकदम खाली बघू लागले.

पुढं एका वकील मित्राकडे मी तावातावानं हे काढलं. मी कुठंतरी वाचलं होतं की शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालच्या तेव्हाच्या १९६२ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं धरली होती. घरातल्या, शेतीतल्या कामाची अवजारं त्यातून वगळली होती. माझं पातं तर पाच इंचांचं! मित्रानं शांतपणे दुसरं पान उघडलं. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, त्याचं कलम ३७. सणासुदीला, निवडणुकीला जिल्हादंडाधिकारी त्याखाली आदेश काढतात, आणि तो लागू असेस्तोवर चाकूच काय, लाठीकाठी घेऊन फिरायलाही मनाई असते. इंचांचा तिथं हिशेबच नाही. शिवाय बटनाचा चाकू हे शेतीचं अवजार आहे असं तू कोणत्या तोंडानं सांगणार होतास, असंही त्यानं विचारलं. मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

मग खणातला कलमतराश आठवला. दोन वर्षं पडून त्याची धार मेली होती. घरी निसणा होता, वडील होते, अर्धा तास बसलो असतो तर झालं असतं. पण मला घाई. गावात नवंच वेल्डिंगचं दुकान लागलं होतं, तिथं मोटरवर फिरणारी सहाण होती. पोरानं पातं टेकवलं, ठिणग्यांचा फवारा उडाला, मला बघायला मजा वाटली. मिनिटभरात चाकू हातात आला, पात्याची कड निळी-जांभळी झालेली. मला वाटलं, वा, रंग छान चढला.

चारच दिवसांत धार वळायला लागली. वखराची पास शेवटून आणायला लोहाराकडे गेलो तेव्हा त्याला दाखवला. त्यानं नखावर पातं टेकवून पाहिलं आणि म्हणाला, “पाणी उतरलं याचं. कोनं जाळलं?” पोलाद तापवून, विझवून त्याला जो कडकपणा दिलेला असतो तो म्हणजे पाणी. साधं पोलाद तीनशे अंशांच्या घरात तापलं की निळं पडतं, आणि निळं पडलं की तेवढ्या भागाचा कडकपणा गेला. आजोबांनी आणि वडिलांनी मिळून अख्ख्या दोन नोकऱ्या जे पातं जपलं, ते मी एका मिनिटात आणि दोन रुपयांत जाळलं होतं. लोहार म्हणाला, जळालेली कड घासून काढली तर मागं चांगलं पोलाद आहे, पण पातं अजून बारीक होईल. त्यानं पाण्यात बुचकळत, हळूहळू घासून दिलं. पातं आता बोटभर काडीसारखं झालं होतं, पण पुन्हा चालू लागलं. तेव्हापासून मी तो खिशात ठेवू लागलो.

ठेवला तोही चुकीच्या खिशात. १९९३ चा उन्हाळा. यवतमाळहून दारव्ह्याला शकुंतलेनं निघालो होतो. मूर्तिजापूरला जाणारी ही अडीच फुटी रुळांची गाडी तेव्हा अजून वाफेवर चालायची, डिझेलचं इंजिन पुढल्या साली लागलं. चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडावीत आणि परत चढावं, असा तिचा लौकिक. मी दारात पाय सोडून बसलो होतो, अंगात सैल सदरा, बाजूच्या उथळ खिशात चाकू. कुठंतरी मध्येच टण्ण असा आवाज झाला. तो मी ऐकला, हे मला कबूल करायचं आहे. गाडीचा वेग एवढा होता की उतरून, उचलून, पळत येऊन मी पुढला डबा पकडला असता. पण ऊन होतं, वारा छान लागत होता. गिट्टीचा खडा उडाला असेल, असं मनाशी म्हटलं आणि बसून राहिलो. दारव्ह्याला उतरल्यावर खिसा चाचपला.

वडील मला काही बोलले नाहीत. फक्त पुढं कित्येक वर्षं घरात कुठलाही दोरा तोडायचा असला की ते दातानं तोडायचे. माझ्याकडे बघून.

यानंतर माणसानं काय शिकावं? मी शिकलो ते असं, की चाकू जाड आणि जड असावा, म्हणजे पडला तर लगेच कळेल. नागपूरला सीताबर्डीवर मला चौदा कामांचा चाकू मिळाला. चाकू, कैची, करवत, कानस, बाटली उघडायचा स्क्रू, डबा फोडायचा दात आणि आणखी काय काय. असल्या चाकूंचा मूळ नमुना स्वित्झर्लंडच्या सैनिकांचा. कार्ल एल्सनर यांनी १८९७ साली त्यांच्या अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली होती. ते चाकू उत्तम असतात, माझा भाऊबंद मात्र नावापुरताच स्विस होता. पोलाद मऊ. कैचीनं कागदही चावून कापायचा. एकदा स्टार्टरच्या पेटीचा स्क्रू फिरवताना त्यातला पेचकस मिटला आणि बोट मध्ये सापडलं. दुसऱ्यांदा बोथट पात्यानं नळी कापताना जोर लावला, पातं सटकलं आणि डाव्या अंगठ्याला तीन टाके पडले. धारेचा चाकू जिथं ठेवाल तिथं शिरतो. बोथट चाकूला दाबावं लागतं, आणि दाबलेला हात कुठं जाईल ते त्यालाही ठाऊक नसतं. धनुर्वाताचं इंजेक्शन देताना कंपाउंडर म्हणाला, “सर, कांदा कापत होते का?” मी हो म्हणालो. आणखी एक खोटं.

पण या चाकूची खरी परीक्षा झाली ती २००६ च्या पोळ्याच्या आठवड्यात. पाऊस लागून राहिला होता. बैल बांधाला चरत होता, दावं बाभळीच्या बुंध्याला. बांध निसरडा, बैलाचा पाय गेला आणि तो खालच्या अंगाला लोंबल्यासारखा पडला. दावं नायलॉनचं होतं. पूर्वी अंबाडीची दोरी असायची. जुनी असली तर तुटायची. नायलॉन तुटत नाही, आणि ताण पडलेली गाठ बोटांनी सुटत नाही. बैलाची जीभ बाहेर आली, डोळे फिरले.

मी खिशातून चौदा कामांचा चाकू काढला. आधी नखानं उघडला तो बाटलीचा स्क्रू. मग कानस. मग हात चिखलानं बुळबुळीत झाले आणि काहीच उघडेना. शेवटी पातं निघालं, तर ते दोरीवरून नुसतं घसरत राहिलं. मी रडकुंडीला आलो होतो.

आमचा सालदार वरच्या धुऱ्यावरून धावत आला. त्याच्या करदोड्याला नेहमी ठिबकच्या नळीचा एक तुकडा लटकलेला असायचा. त्यावरून मी त्याची थट्टाही केली होती. त्या नळीतून त्यानं हाताच्या करवतीचं, हॅक्सॉचं, अर्धं मोडकं पातं ओढून काढलं. बुडाशी सायकलची ट्यूब गुंडाळलेली, एक कड घासून धार केलेली, दुसऱ्या कडेला करवतीचे दात तसेच. दातांची बाजू दोरीला लावली, चार हिसके दिले. बैल खाली कोसळला, पडून राहिला, मग उठला.

सालदारानं पातं चिखलातून पुसलं, नळीत सारलं आणि माझ्या हातातल्या पिसारा फुललेल्या वस्तूकडे बघून म्हणाला, “सर, याच्यात दाढीचा ब्रश नाही का?”

इथं तरी ही कहाणी संपायला हवी होती. पण मोडकं करवतीचं पातं खिशात घालून शाळेत जायचं माझ्या जिवावर आलं. २०१४ मध्ये भाच्यानं फ्रान्सहून ओपिनेलचा चाकू आणून दिला. बीचच्या लाकडाची मूठ आणि पातं न मिटावं म्हणून बुडाशी फिरवायची कडी. साधा, हलका, देखणा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे धड चाकू होता आणि तो बरोबर अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी नागपूरहून बंगळूरला विमानानं जाताना मी तो हातातल्या पिशवीत विसरलो. सामानात टाकला असता तर चालला असता, पण बॅग तोवर पुढं गेली होती. भाच्याला मी अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल.

त्यानंतर यवतमाळात हार्डवेअरच्या दुकानातून एक बरा, खटका असलेला घडीचा स्टीलचा चाकू घेतला. त्याच्यात दोष काहीच नव्हता. दोष माझ्यात होता, आणि या वेळचा दोष आधीच्या सगळ्यांपेक्षा वाईट.

२०१७ चा खरीप आमच्या जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. पऱ्हाटी त्या साली पुरुषभर उंच झाली होती, फवारा तोंडावर यायचा. विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यांत पडले. मी स्वतः फवारत नव्हतो. माझ्याकडे औषधाचा हिशेब आणि बाटल्या फोडून देणं. मोनोक्रोटोफॉसच्या बाटलीवर लाल त्रिकोण असायचा, म्हणजे अत्यंत विषारी. झाकणाखाली सील असायचं. ते मी चाकूच्या टोकानं फोडायचो, पातं पॅंटला पुसायचो, मिटून वरच्या खिशात टाकायचो. दोन महिने रोज. घडीच्या चाकूला खाच असते. पातं मिटलं की त्याच्यावरचं सगळं त्या खाचेत जाऊन बसतं, आणि पॅंटला पुसून खाच पुसली जात नाही.

सप्टेंबरात एका दुपारी मी साबणानं हात धुतले. कुंपणाच्या वेलावरची काकडी तोडली. त्याच चाकूनं चिरली. मीठ लावून खाल्ली.

तासाभरात तोंडाला पाणी सुटू लागलं, घाम फुटला, उलट्या झाल्या. बायकोनं शेजारच्या पोराला मोटरसायकल काढायला लावली. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. ॲट्रोपिनची इंजेक्शनं दिली. दोन दिवस ठेवून घेतलं. बाजूच्या खाटेवर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक होता, फवारणी करताना पडलेला. त्याच्या अंगावर विष पोटासाठी उडालं होतं. मी मास्तर, बाटलीवरची सूचना वाचू शकणारा, आणि मला ते काकडीबरोबर गेलं होतं. चाकूनंच गेलं असं छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकणार नाही, कदाचित कपड्यांवरून गेलं असेल. पण हात धुतले होते आणि चाकू धुतला नव्हता, एवढं मला ठाऊक आहे. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारायला २००५ पासूनच बंदी होती. मी काकडीवर ते मारलं नाही, चोपडलं.

नशीब म्हणजे ती काकडी मी एकट्यानं खाल्ली. नातू तेव्हा तीन वर्षांचा होता आणि रोज त्या वेळी शेतात असायचा. त्या दिवशी झोपला होता.

घरी आल्यावर चाकू शोधला तर सापडेना. बायकोनं तो बाटल्यांच्या खड्ड्यात पुरला होता. कुठल्या खड्ड्यात, ते तिनं आजतागायत सांगितलेलं नाही.

सालदार आता थकला आहे, कामाला येत नाही. दिवाळीनंतर त्याच्या घरी गेलो आणि म्हटलं, मला तसं पातं करून दे. त्यानं कारण विचारलं नाही. हॅक्सॉचं पातं अर्धं मोडलं, अंगणातल्या दगडावर पाणी टाकत टाकत घासलं. घाई केली नाही, मला तासभर समोर बसवून ठेवलं. तीन इंच धार, मागं दात, बुडाला ट्यूब. म्यानाला सोळा मिलिमीटरच्या नळीचा तुकडा. पातं ठिसूळ असतं, त्यानं काही उचकटायला जाऊ नका, टोक मोडतं. माझं दोनदा मोडलं आहे, पण पुन्हा घासायला वीस मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. यवतमाळला जाताना ते मी घरी ठेवून जातो. संत्री बोटांनीच सोलतो.

त्या दिवशी त्याच्याकडून दोन पाती करून आणली होती. काळ्या ट्यूबचं माझ्या कमरेला असतं. दुसऱ्याच्या मुठीला मी लाल पट्टी गुंडाळली आहे आणि ते गोठ्यामागच्या औषधाच्या खोलीत, वरच्या खिळ्याला टांगलेलं असतं. बाटल्या, पुड्या त्याच्यानंच फोडायच्या, आणि ते खोलीबाहेर आणायचं नाही. आमच्याकडे आलात, बांधावर बसून काकडी खायची इच्छा झाली, तर चाकू मला मागा. खोलीतला घेऊ नका.